मुष्टियोद्ध्यांची जुनी तालीम

सन १८११ च्या जुलै महिन्याच्या ७ तारखेस इंग्लंडचा अजिंक्य मुष्टियोद्धा टॉम क्रिब हा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यालगत यूरी येथे, कॅप्टन रॉबर्ट बार्कले यांच्या जहागिरीवर, दाखल झाला, तेव्हा त्याचे वजन १६ स्टोन, म्हणजे २२४ पौंड भरले. लंडनच्या कोंदट वस्तीत राहून आणि तेथील खाण्यापिण्याचा यथेच्छ उपभोग घेऊन त्याचे पोट सुटले होते, श्वास आखूड झाला होता, आणि दहा मैलांची चाल पुरी करणेही त्याला जड जात होते. हाच मनुष्य सप्टेंबरच्या २८ तारखेस रटलंड परगण्यातील थिसलटन गॅप येथे हजारो प्रेक्षकांच्या समक्ष रिंगणात उतरला, तेव्हा त्याच्या अंगावरचे सदतीस पौंड उतरलेले होते. आणि ज्या टॉम मॉलिनोने आदल्या डिसेंबरात त्याला पराभवाच्या उंबरठ्यापर्यंत नेले होते, त्याच मॉलिनोचा जबडा फोडून त्याने अकरा फेऱ्यांत, १९ मिनिटे १० सेकंदांत, सामना आपल्या नावावर केला.

मधल्या बारा आठवड्यांत यूरीला काय घडले, याचा बारीक तपशील आज आपल्या हाती आहे, तो वॉल्टर थॉम नावाच्या लेखकामुळे. पायी चालण्याच्या पराक्रमांवर त्याने लिहिलेला ग्रंथ १८१३ मध्ये अ‍ॅबरडीनला प्रसिद्ध झाला, आणि त्यात त्याने कॅप्टन बार्कले यांची शिक्षणपद्धती एखाद्या दप्तरदाराच्या चोखपणाने उतरवून ठेवली. जुन्या काळचे मुष्टियोद्धे आपली शरीरे कशी घडवीत, याविषयी पुढे अनेकांनी लिहिले आणि त्यात दंतकथांचा भरणाही पुष्कळ झाला. परंतु थॉमचे हे प्रकरण वाचताना आपण ऐकीव गोष्टी सोडून प्रत्यक्ष रोजनाम्यापाशी येऊन पोहोचतो.

बार्कले स्वतः मुष्टियोद्धे नव्हते. बाँड स्ट्रीटवरील जॉन जॅक्सनच्या ज्या शाळेत लॉर्ड बायरनसारखे उमराव हातमोजे चढवून धडे घेत, त्या जॅक्सनकडे त्यांनीही ही विद्या शिकून घेतली होती; पण त्यांची खरी कीर्ती पायांची होती. १८०९ मध्ये न्यूमार्केट येथे त्यांनी सलग हजार तासांत, दर तासाला एक मैल याप्रमाणे, हजार मैल चालून हजार गिनींची पैज जिंकली. सहा आठवडे त्यांना अखंड झोप अशी मिळालीच नाही, आणि १३ स्टोन ४ पौंडांचा हा धट्टाकट्टा गृहस्थ अखेरीस ११ स्टोनांवर आला. शरीर किती सोसते आणि कोठे मोडते, याचा अनुभव ज्याने प्रथम स्वतःवर घेतला, अशाच माणसाच्या हाती क्रिब पडला, हे त्याचे भाग्य होय.

पहिल्या पंधरवड्यात बार्कले यांनी त्याला जवळजवळ मोकळा सोडला. तीन वेळा रेचक देऊन कोठा साफ केला, आणि हाती बंदूक देऊन रानात हिंडू दिले. त्यानंतर नेमाची चाल सुरू झाली. आरंभी दिवसाला दहा-बारा मैल, आणि थोड्याच अवधीत अठरा ते वीस. याखेरीज सकाळी आणि सायंकाळी पाव मैल जिवाच्या आकांताने धावणे. पाच आठवड्यांत वजन १४ स्टोन ९ पौंडांवर आले. मग घाम काढण्याचे प्रयोग झाले, तेही महिन्याभरात फक्त तीन. आणि काटा १३ स्टोन ५ पौंडांवर येताच बार्कले थांबले, कारण याहून खाली गेल्यास मनुष्य हलका न होता दुबळा होईल, हे त्यांनी ताडले होते.

माझ्या मते या संपूर्ण हकिकतीतील सर्वांत मोलाची गोष्ट हे थांबणे होय. शरीर झिजवणे कोणालाही जमते. ते नेमके कोठवर झिजवावे आणि कोठे हात आवरावा, हे ज्याला कळते तो गुरू. तयारी पूर्णत्वास पोहोचली की नाही हे ओळखण्याच्या ज्या खुणा थॉमने दिल्या आहेत, त्यांतूनही हाच विवेक दिसतो: त्वचा नितळ आणि लवचीक व्हावी, मांस घट्ट व्हावे, घाम काढूनही वजन पुढे उतरेनासे व्हावे, आणि शिष्याने एक मैल पूर्ण वेगाने धावून दाखवावा, कारण पूर्ण वेगाचा एक मैल हा शंभर मैलांच्या चालीइतकाच कठीण असतो, आणि तो ज्याला साधला त्याची तयारी पुरी झाली असे निःशंक मानावे.

बार्कले यांच्या पद्धतीतला दिवस पहाटे पाचला उगवे. उठताच चढावर अर्धा मैल धाव, मग सहा मैलांची चाल, आणि सातच्या सुमारास न्याहारी. तीत अर्धवट भाजलेले गोमांस किंवा मेंढीचे मांस, शिळा पाव आणि जुनी बिअर. न्याहारीनंतर पुन्हा सहा मैल. दुपारी बाराला कपडे उतरवून अर्धा तास अंथरुणावर विश्रांती, नंतर चार मैल, चारला जेवण आणि तेच पदार्थ; जेवणावर लगेच अर्धा मैल धाव आणि आणखी सहा मैल; रात्री आठला दिवा मालवलेला. भाज्यांना पंगतीत स्थान नव्हते, कारण बटाटा, गाजर, सलगम हे पाणचट समजले जात. मासे, लोणी, चीज वर्ज्य. मीठ-मसाला वर्ज्य. नुसते पाणी पिण्याची मनाई, आणि दिवसभरात पेय म्हणून जी काय बिअर मिळेल तिचीही मर्यादा तीन पाइंटांची.

घाम काढण्याचा विधी तर सविस्तर सांगण्याजोगा आहे. फ्लॅनेलचे कपडे चढवून शिष्याने चार मैल भरधाव धावावे, परत येताच त्याला एक ऊन काढा पाजावा, आणि घोंगड्यांचे सहा-आठ जोड व वर पिसांची गादी टाकून त्याला पंचवीस-तीस मिनिटे दडपून ठेवावे. मग बाहेर काढून अंग खसाखसा पुसून कोरडे करावे. त्या काढ्याचे साहित्य वाचून मराठी गृहिणीला परके वाटणार नाही: शहाजिरे, धणे, ज्येष्ठमध आणि खडीसाखर. फरक एवढाच की तेथे ते सफरचंदाच्या दारूच्या दोन बाटल्यांत घालून निम्मे होईपर्यंत आटवीत.

आता हे सर्व वाचून आधुनिक वैद्यकाचा विद्यार्थी कपाळाला हात लावील, आणि त्याचे चुकेल असेही नाही. शरीरातील दूषित रस बाहेर काढले पाहिजेत, या ग्रीकांपासून चालत आलेल्या कल्पनेचा अंमल तेव्हा इंग्लंडातील वैद्यांवर होता. रेचके आणि घाम यांमागची उपपत्ती तीच. वीस मैल चालणाऱ्या माणसाला पाणी तोडणे हे धोक्याचे. भाजीपाला बंद करणे निष्कारण. परंतु उपपत्ती चुकीची असूनही परिणाम बरोबर येत होता, याचे कारण त्या पद्धतीतील रेचके आणि घोंगड्या हा नुसता सोपस्कार होता, आणि खरे काम पाय करीत होते. थॉमने क्रिबच्या शिक्षणाचा जो वृत्तान्त दिला आहे, त्यात मुठींच्या सरावाला जागा जवळजवळ नाही; आहे ती चाल, धाव, झोप आणि नियमित भोजन. मुष्टियोद्धा हा मुठीने लढतो खरा, पण तो टिकतो पायांवर आणि श्वासावर, हे सत्य त्या काळच्या शिक्षकांना शरीरशास्त्राच्या ग्रंथांवाचून उमगले होते.

ते उमगण्यास तत्कालीन नियमांनी त्यांना भाग पाडले. १७४१ मध्ये जॅक ब्रॉटन याच्याशी लढून जॉर्ज स्टीव्हन्सन नावाचा गाडीवान मरण पावला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी ब्रॉटनने पहिले लेखी नियम केले. पडलेल्याला मारू नये, कमरेखाली धरू नये, आणि खाली पडलेल्या योद्ध्यास त्याच्या मदतनिसांनी अर्ध्या मिनिटात पुन्हा रेषेवर आणून उभे करावे, असे त्यांचे स्वरूप होते. फेरीला कालमर्यादा नाही. कोणी पडले म्हणजे फेरी संपली. फेऱ्यांनाही संख्या नाही; दोघांपैकी एक उठू शकला नाही म्हणजे सामना संपला. जेथे लढत वीस मिनिटांत आटोपेल की दोन तास चालेल याचा भरवसा नाही, तेथे तयारी सहनशक्तीचीच करावी लागते. शिवाय उघड्या मुठीने कवटीवर प्रहार केला तर मोडण्याची शक्यता मुठीचीच अधिक, कारण हाताच्या पंजात सत्तावीस लहान हाडे असतात. म्हणून जुने योद्धे प्रहार मोजून करीत, आणि धरून आपटणे हाही लढतीचा मान्य भाग असल्यामुळे कमर आणि मांड्या यांची ताकद मुठीइतकीच कामी येई.

थिसलटन गॅपच्या विजयाची दुसरी बाजूही येथे नोंदविली पाहिजे, कारण तालमीचे श्रेय सांगताना लेखक ती सहसा गाळतात. मॉलिनो हा अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय योद्धा. गुलामीतून सुटून तो इंग्लंडला पोहोचला अशी त्याची ख्याती होती. पहिल्या सामन्यात, १८ डिसेंबर १८१० रोजी, पावसाथंडीत त्याने क्रिबला जेरीस आणले असता गर्दीने दोर ओलांडून रिंगणात शिरकाव केला, आणि त्या दिवसाच्या निकालावर आजही संशयाची छाया आहे. पुढे क्रिबला बार्कले यांची जहागीर मिळाली, तज्ज्ञ मिळाला, तीन महिन्यांची फुरसत मिळाली. मॉलिनोचा पाठीराखा बिल रिचमंड हा जाणता असला तरी धनवान नव्हता. पोटासाठी त्याला आपल्या शिष्यास गावोगाव प्रदर्शनी लढतींना न्यावे लागले, आणि नेमबद्ध तालमीचा योग मॉलिनोला आलाच नाही. सामन्याच्या दिवशी सकाळी त्याने आख्खी कोंबडी, ‘अ‍ॅपल पाय’ आणि भांडेभर बिअर रिचवली असे सांगतात. ती गोष्ट अतिरंजित असली तरी तिच्यामागचे वास्तव खरे आहे, की त्याला आवरणारे कोणी नव्हते. तालीम ही केवळ इच्छाशक्तीची गोष्ट नाही. तिला आश्रय लागतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना खुराक, राहण्याची सोय आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान दिले, तेव्हा त्यांना हे पुरते ठाऊक होते.

क्रिबनंतरची पाऊणशे वर्षे मी येथे वेगाने ओलांडतो. १८६० मध्ये फार्नबरो येथे गवंडीकाम करून वाढलेला टॉम सेयर्स आणि कॅलिफोर्नियातील बेनिशियाच्या कारखान्यात घण मारलेला अमेरिकन जॉन हीनन हे दोन तासांहून अधिक वेळ लढले आणि सामना अनिर्णित राहिला. १८६७ मध्ये मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी यांच्या नावाने नवे नियम प्रसिद्ध झाले, त्यांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती आणली. पण जुन्या रिवाजाचा शेवटचा मोठा प्रसंग अमेरिकेत घडायचा होता, आणि त्याची तयारी पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

जॉन एल. सलिव्हन हा बोस्टनचा आयरिश वंशाचा योद्धा १८८२ पासून अजिंक्य होता, आणि १८८८ च्या आजारपणाने व त्याआधीच्या मद्यपानाने पुरता खचला होता. जेक किलरेनशी १८८९ च्या उन्हाळ्यात उघड्या मुठीने लढण्याचा करार झाला, आणि सलिव्हनला तयार करण्याचा जिम्मा विल्यम मल्डून या नामांकित कुस्तीगिराने घेतला. न्यूयॉर्क राज्यातील बेलफास्ट या खेड्यात मल्डूनची शेतीवाडी होती. तेथे त्याने सलिव्हनला नेले, गावातील गुत्तेवाल्यांना त्याला दारू न देण्याची तंबी दिली असे सांगतात, आणि त्याच्याकडून लाकडे फोडण्यापासून नांगरणीपर्यंत शेतातली कामे करून घेतली असेही सांगतात. नेली ब्लाय ही तरुण बातमीदार मे महिन्यात ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ पत्रासाठी तेथे गेली, आणि तिने दिनक्रम लिहून ठेवला: सकाळी सहाला उठणे, अंगाचे मर्दन, न्याहारी, जाड लोकरी कपडे घालून बारा मैलांची चाल आणि धाव, परतल्यावर पुन्हा मर्दन, दुपारी टांगलेल्या चेंडूवर प्रहारांचा सराव. हात कठीण व्हावेत म्हणून सैंधव मीठ आणि शिरका यांसारख्या पदार्थांच्या मिश्रणात ते भिजवण्याचा शिरस्ताही सलिव्हनने तिला सांगितला.

बार्कले आणि मल्डून यांच्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आणि एका महासागराचे अंतर. पण यूरी आणि बेलफास्ट येथील दिनक्रम शेजारी ठेवून पाहिले तर पाया तोच दिसतो. भर पडली ती हलक्या, चपळ कसरतींची: दोरीवरच्या उड्या, मल्डूनशी कुस्ती, जड चेंडूची फेकाफेक. आज व्यायामशाळांतून मेडिसिन बॉल म्हणून जो चेंडू वापरतात, त्याच्या प्रसाराचे श्रेय मल्डूनलाच देण्यात येते.

सामना ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीतील रिचबर्ग येथे, जळत्या उन्हात झाला. चव्वेचाळिसाव्या फेरीत सलिव्हनला ओकारी झाली, पण तो उभा राहिला. आणि पंचाहत्तर फेऱ्यांनंतर, २ तास १६ मिनिटांनी, किलरेनचा मदतनीस माइक डोनोव्हन याने आपल्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी स्पंज रिंगणात टाकून हार कबूल केली. उघड्या मुठीची हेवीवेट अजिंक्यपदाची ही अखेरची लढत. त्या दिवशी जिंकला सलिव्हनचा दम, आणि तो दम मल्डूनने शेतावर कमावून दिलेला होता.

मात्र कमावलेला दम पेढीवरच्या ठेवीसारखा साठत नाही. पुढची तीन वर्षे सलिव्हन नाटकांतून फिरला, प्यायला, जाडावला. आणि ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये, हातमोजे घालून, क्वीन्सबरीच्या नियमांनुसार, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँकेत कारकुनी केलेल्या जेम्स कॉर्बेटकडून एकविसाव्या फेरीत चीत झाला. कॉर्बेट वजनाने बराच हलका होता, पण त्याची पावले चपळ होती आणि तो वर्षानुवर्षे शिस्तीत राहिला होता. आदल्याच वर्षी तो पीटर जॅक्सनशी एकसष्ट फेऱ्या लढला होता. हा पीटर जॅक्सन कृष्णवर्णीय म्हणून सलिव्हनने त्याच्याशी लढण्यास सरळ नकार दिला होता, हे सलिव्हनच्या चरित्रावरील लांच्छन आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही.

या सर्व मंडळींच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की तालमीला येण्यापूर्वीच त्यांचे अंग श्रमाने बांधलेले होते. क्रिब लंडनच्या धक्क्यावर कोळसा वाहत असे. १८९७ मध्ये कार्सन सिटीला चौदाव्या फेरीत कॉर्बेटच्या पोटावर तो प्रसिद्ध ठोसा लगावणारा बॉब फिट्झसिमन्स हा न्यूझीलंडमधील टिमारू गावी लोहारकाम करीत होता. त्याचे पाय बारीक आणि खांदे अवाढव्य होते. जिम जेफ्रीज बॉयलर बांधणारा. जॅक डेम्प्सी खाणींत राबला. कातडी चिवट व्हावी म्हणून तो चेहरा खाऱ्या पाण्याने धुई आणि जबडा बळकट व्हावा म्हणून पाइनचा डिंक चघळी. खाऱ्या पाण्याने कातडी खरोखर किती चिवट झाली असेल, याविषयी मला शंका आहे. पण दहा-दहा वर्षे घण मारून जे खांदे तयार होतात, ते सहा आठवड्यांच्या छावणीत तयार होत नाहीत, याविषयी शंका नाही. जुन्या शिक्षकांना मूर्ती घडवावी लागत नसे, ती उजळावी लागे. आजच्या मुलाला खुर्चीवरून उठवून व्यायामशाळेत आणणाऱ्या शिक्षकाने जुन्या दिनक्रमाची हुबेहूब नक्कल करू नये, ती एवढ्याचसाठी.

आणि वयापुढे तालीमही थकते. १९०५ मध्ये अपराजित निवृत्त झालेल्या जेफ्रीजला, जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय अजिंक्यवीराला खाली खेचण्याच्या वर्णाभिमानी हट्टापायी, पाच वर्षांनी पुन्हा रिंगणात ओढले गेले. तीनशे पौंडांच्या वर गेलेले वजन त्याने परिश्रमपूर्वक सव्वादोनशेच्या आसपास आणले. पण ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे पंधराव्या फेरीत जॉन्सनने त्याला संपवले. चरबी गेली होती. गेलेली वर्षे परत आली नव्हती.

युरोप-अमेरिकेच्या या व्यायामशाळांत आपलीही एक वस्तू पोहोचली होती, हे मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आखाड्यातील मुद्गल आणि करेल इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात पाहिले, ते विलायतेला नेले, आणि १८३४ मध्ये डोनाल्ड वॉकर याने आपल्या व्यायामविषयक पुस्तकात त्यांना स्थान दिले. पुढे अमेरिकेत सिम केहो याने त्यांचा मोठा प्रचार केला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘इंडियन क्लब’ नसलेली व्यायामशाळा तेथे अपुरी समजली जाऊ लागली. आपल्या परंपरेत चालण्याचे महत्त्वही नवे नव्हते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण घातले, त्यात भारश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम यांच्या बरोबरीने भ्रमणश्रमही सांगितला आहे. बार्कले यांना या ग्रंथाचे नावही माहीत असण्याचा संभव नव्हता. पण दोघेही प्रत्यक्ष माणसांकडे पाहून लिहीत वा शिकवीत होते, म्हणून एकाच निष्कर्षास आले.

सोमेश्वरानंतर आपल्याकडे हे लिहिण्याचे काम फारसे झाले नाही. बडोद्याहून संपादक मजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले, त्यात कुस्तीपासून मुष्टियुद्धापर्यंत सर्व विद्यांचा संग्रह केला, आणि तो खटाटोप मराठी भाषेला भूषणावह आहे, तथापि एका मल्लाची, एका मैदानाच्या तयारीची, आठवड्या-आठवड्याची वजने, मैल, जोर-बैठका आणि खुराक यांच्यासह दिलेली नोंद मराठीत शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. ही विद्या वस्तादांच्या तोंडी राहिली, आणि वस्तादाबरोबर गेली. क्रिब अजिंक्य होता म्हणून त्याची तालीम आपल्याला ठाऊक नाही. वॉल्टर थॉमने ती लिहून ठेवली म्हणून ठाऊक आहे. ज्या वाचकांच्या गावी आज जुनी तालीम उभी आहे आणि तिच्या ओट्यावर सत्तरी ओलांडलेले वस्ताद अद्याप बसतात, त्यांनी वही घेऊन त्यांच्यापाशी जावे. पहाटे किती वाजता उठत, किती मैल धावत, मैदानाच्या किती दिवस आधी मेहनत कमी करीत, दूध किती आणि बदाम किती, कोणत्या खुणेवरून पोरगा तयार झाला असे ओळखीत, हे सर्व विचारून, तारीखवार, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.